नवा पेट्रोलवरचा लॉग स्प्लिटर: गाठीच्या ओंडक्यापुढे अडतो, टाकीत फेस धरतो, सुधारणांबद्दलही सल्ला हवा आहे

शेकोटीकर (दक्षिण न्यू हॅम्पशर)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरामागे दीड एकर रान आहे आणि त्यातली ॲशची बहुतेक झाडे हिरव्या पोखरभुंग्याने गेल्या काही वर्षांत उभ्याउभ्या वाळवून टाकली आहेत. हा भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि 2013 मध्ये आमच्या राज्यात कॉनकॉर्ड येथे त्याची नोंद झाली. आता आमच्या रस्त्यावर धडधाकट ॲश शोधूनही मिळत नाही. घरावर कोसळण्याआधी झाडे पाडून घेतली आणि तळघरातल्या लाकडावरच्या शेगडीसाठी त्यांचे सरपण करायचे ठरवले. दोन हिवाळे हे काम मी घण आणि पाचर घेऊन केले. यंदा पाठीने साफ नकार दिल्यामुळे ऑक्टोबरात पेट्रोलवर चालणारा लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचे यंत्र, विकत घेतला. (इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात, त्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांना हे यंत्र सिलिंडरवर चालते असे वाटते.)

यंत्राचा तपशील असा आहे. इंजिन 196 सीसीचे आहे. पंप दोन टप्प्यांचा असून माहितीपुस्तिकेनुसार तो मिनिटाला 11 गॅलन तेल देतो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 4 इंच, स्ट्रोक (दट्ट्याची पूर्ण धाव) 24 इंच आणि पिस्टनचा दांडा पावणेदोन इंच जाडीचा आहे. पाचर दट्ट्याच्या टोकाला बसवलेली आहे, आणि तुळईवर ठळक अक्षरांत '25 टन' असे रंगवलेले आहे. हायड्रॉलिक तेल दुकानदाराने दिलेले 46 क्रमांकाचे आहे (क्रमांक तेलाची जाडी सांगतो). पहिल्या दिवशी या तेलाची टाकी पातळी मोजायच्या दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरली, इंजिनात तेल घातले आणि कामाला लागलो. आतापर्यंत अंदाजे 14 तास काम झाले आहे.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. सरळ धाग्याचा ॲश, अगदी 18 इंच व्यासाचा असला तरी, काकडीसारखा तडकतो. मात्र बेचक्याचा किंवा गाठीचा ओंडका आला की पाचर इंच-दीड इंच आत शिरते आणि जागीच थांबते. अशा वेळी इंजिनाचा आवाज बदलत नाही. फक्त व्हॉल्व्हकडून बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो. दुसरी गोष्ट अशी की तासाभराच्या कामानंतर टाकीचे झाकण उघडले तर तेल दुधाळ झालेले आणि वर फेस आलेला दिसतो, आणि दट्ट्या एकसारखा न सरकता धक्के देत सरकतो. खाली मात्र तेलाचा एक थेंबही गळत नाही. तिसरी गोष्ट, उणे 8 अंशांच्या सकाळी परतीसाठी व्हॉल्व्हचा हाताने ओढायचा दांडा मागे खटक्यात अडकवला की दट्ट्या निम्म्यावर येताच खटका आपोआप सुटतो. वीस-पंचवीस मिनिटांनी हा त्रास नाहीसा होतो. शिवाय रिकामे चालत असताना इंजिन धाप लागल्यासारखे वर-खाली होते.

यंत्र नवे असल्याने काही सुधारणाही मनात आहेत: फोडलेली अर्धुके खाली पडू नयेत म्हणून बाजूला वेल्डिंग करून टेबल जोडणे, एका दमात चार तुकडे करणारी चौपाखी पाचर, कामाचे तास मोजणारे मीटर, आणि परतीला असतो तसाच खटका पुढच्या दिशेलाही बसवणे, जेणेकरून दोन्ही हात मोकळे राहतील. यंत्राची हमी दोन वर्षांची आहे. कोणते काम आधी करावे आणि कशाला हात लावू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


तेलकट_हात (कोल्हापूर)

शेकोटीकर साहेब, मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेस आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करतो. आपल्या प्रकारचे यंत्र मी प्रत्यक्ष हाताळलेले नाही, परंतु पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर हे तिघे जगात सर्वत्र सारखेच वागतात. आपण एक फार मोलाची गोष्ट लिहिली आहे, ती म्हणजे दट्ट्या अडला तरी इंजिनाचा आवाज बदलत नाही. आमच्याकडे गेज लावण्याआधी कान लावतात, त्याचे कारण हेच.

दोन टप्प्यांच्या पंपाचे काम आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढचे आपोआप उलगडेल. ओझे नसताना या पंपातले दोन्ही गिअर मिळून मिनिटाला 11 गॅलन, म्हणजे सुमारे 42 लिटर तेल ढकलतात आणि दट्ट्या वेगाने सरकतो. दाब साधारण 650 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) पोहोचला की मोठा गिअर आपले तेल परत फिरवून देतो आणि लहान गिअर एकटाच मिनिटाला सुमारे 3 गॅलन तेल मोठ्या दाबाने पुढे ढकलतो. असे का करावे लागते, हे एका साध्या गणिताने कळते. गॅलन गुणिले पीएसआय, भागिले 1714 केले की लागणारी अश्वशक्ती मिळते. 11 गॅलन आणि 650 पीएसआय यांना सव्वाचार अश्वशक्तीच्या आत भागते. 3 गॅलन आणि 3000 पीएसआय यांना सव्वापाच लागते. पण पंपाने टप्पा बदललाच नाही आणि 11 गॅलन 3000 पीएसआयवर ढकलायचे म्हटले तर 19 अश्वशक्तीहून अधिक हवी, जी आपल्या 196 सीसीच्या इंजिनात नाही. म्हणजे दोष पंपाच्या टप्पाबदलात असता, तर गाठ लागताच इंजिन गुदमरून बंद पडले असते. इंजिन आणि पंप यांच्यामधले कपलिंग घसरत असते, किंवा त्याचा स्क्रू ढिला होऊन चावी तुटली असती, तर दट्ट्या रिकामाही नीट सरकला नसता आणि खडखडाट ऐकू आला असता. आपल्याकडे यांपैकी काहीच घडत नाही. इंजिन निवांत आहे, कारण त्याच्यापर्यंत पूर्ण ओझे पोहोचतच नाही. दाब पुरेसा चढण्याआधीच तेलाला परतीची वाट सापडते आहे, आणि व्हॉल्व्हकडून येणारी शिट्टी ती वाट दाखवते आहे. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरावीक दाबानंतर तेल टाकीकडे परत सोडणारा व्हॉल्व्ह, कारखान्यातूनच कमी दाबावर बसवून आलेला असावा, असा माझा कयास आहे.

कयास हा कयासच असतो, म्हणून गेज लावावे. 0 ते 5000 पीएसआयचे, ग्लिसरीन भरलेले गेज घ्या आणि पंप व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये टी आकाराचा जोड घालून बसवा. काही व्हॉल्व्हना त्यासाठी वेगळे बूचही असते. दट्ट्या पुढे शेवटपर्यंत नेऊन दांडा फक्त दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि काटा कुठे थांबतो ते वाचा. त्याहून अधिक वेळ धरू नये, कारण त्या क्षणी इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. दाब कमी आला, तर दोष पिस्टनच्या सीलमध्ये आहे की रिलीफमध्ये, हा प्रश्न उरतो. अशी दोन-तीनदा चाचणी केल्यावर लांबून मोजणाऱ्या थर्मामीटरने व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दोन्ही तपासा. सील फुटले असेल तर सिलिंडर अधिक तापतो, रिलीफ उघडत असेल तर व्हॉल्व्हचे अंग अधिक तापते.

आता फेसाबद्दल. तेल न गळता फेस येतो, याचे आपल्याला आश्चर्य वाटले, पण शोषणाच्या नळीत दाब हवेपेक्षा कमी असतो, म्हणून ती नळी तेल बाहेर सोडत नाही, हवा आत ओढते. त्या नळीच्या पट्ट्या आवळून पाहा, आणि इंजिन बंद असताना तिथे ओल धरते का तेही बघा. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली असे आपण लिहिले. दट्ट्या आठ-दहा वेळा पुढे-मागे केल्यानंतर ती पुन्हा पाहिली का, हे लिहिलेले नाही. नवा सिलिंडर कोरडा असतो. आपल्या मापाने दट्ट्या पूर्ण मागे असताना दांड्याच्या बाजूला सुमारे 244 घन इंच, म्हणजे एक गॅलनहून किंचित अधिक तेल मावते, शिवाय नळ्या आणि फिल्टर वेगळे. दट्ट्या पुढे गेला की दांड्याच्या आकारमानाइतके, म्हणजे आणखी पाव गॅलन तेल टाकीतून जाते. पहिल्या भरणीनंतर टाकी तपासलीच नसेल, तर शोषणाचे तोंड आता जवळजवळ उघडे पडलेले असणार आणि पाण्याच्या भोवऱ्याप्रमाणे हवा आत खेचली जात असणार. पातळी नेहमी दट्ट्या पूर्ण मागे घेऊन, जमीन सपाट असताना पाहावी.

जाता जाता त्या '25 टनां'बद्दल. 4 इंच बोअरचे क्षेत्रफळ 12.57 चौरस इंच येते. 3000 पीएसआयला त्याचे 37,700 पौंड होतात, म्हणजे तुमच्याकडच्या 2000 पौंडी टनाने 18.8, आणि आमच्या मेट्रिक टनाने सतरा. 25 टन खरोखर मिळवायचे असतील तर जवळपास 4000 पीएसआय हवेत, आणि या वर्गातला ना पंप त्यासाठी केलेला असतो ना सिलिंडर. तेव्हा रिलीफचा स्क्रू फिरवून तो आकडा गाठण्याच्या फंदात कोणी पडू नये.


मिशिगनवासी (ॲन आर्बर)

वरचे उत्तर वाचून समाधान वाटले. मी त्यात फक्त थंडीची आणि लाकडाची बाजू जोडतो, कारण या भुंग्याचे अमेरिकेतले माहेर आमच्याकडचे असून गेली अनेक वर्षे मी त्याचेच उष्टे जाळतो आहे.

सकाळी सुटणारा खटका बिघडलेला नाही. परतीचा खटका दाबावर सुटतो. दट्ट्या मागे टेकला की दाब उसळतो, त्यावरून व्हॉल्व्ह ओळखतो की काम संपले आणि दांडा सोडतो. 46 क्रमांकाचे तेल उणे 8 अंशांना काकवीसारखे होते. ते अरुंद वाटेने परत ढकलताना वाटेतच दाब इतका वाढतो की व्हॉल्व्हला दट्ट्या टेकल्याचा भास होतो. तेल कोमट झाले की भास संपतो. म्हणून खटक्याच्या स्प्रिंगचा स्क्रू मुळीच फिरवू नये, अन्यथा उन्हाळ्यात खटका सुटायचेच विसरेल. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर हिवाळ्यासाठी 32 क्रमांकाचे तेल घालावे; काही उत्पादक डेक्सरॉन प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेलही चालते असे लिहितात, पण आपल्या पुस्तिकेत तसा शब्द असेल तरच ते घालावे. तेल बदलले तरी इंजिन कमी वेगावर ठेवून दहा मिनिटे दांड्याला हात न लावता तेल नुसते फिरू द्यावे. मी तेवढ्या वेळात चहा टाकतो.

इंजिनाच्या धापेसाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन तापल्यावर चोक अर्धा ओढून पाहा. त्याने आवाज स्थिर झाला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, आणि बहुधा कार्ब्युरेटरच्या लहान जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) काहीतरी अडकले आहे. नव्या इंजिनात हे घडू शकते. हमी असताना स्वतः कार्ब्युरेटर उघडू नये, दुकानदाराकडे न्यावे. पुढे मात्र एक सवय लावून घ्या: इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असते आणि ते कार्ब्युरेटरमध्ये महिनोन्महिने पडून राहिले तर जेट धरतात, म्हणून हंगाम संपताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे.

आता आपल्या सुधारणांकडे येतो. टेबल जरूर करा, माझ्या मते हीच खरी सुधारणा आहे. 18 इंच व्यासाच्या आणि 16 इंच लांबीच्या ओल्या ॲशच्या ओंडक्याचे वजन शंभर पौंडांच्या पुढे जाते. त्याचे अर्धुक पायाशी पडते आणि आपण ते वाकून पुन्हा उचलतो, म्हणजे पाठ वाचवण्यासाठी घेतलेले यंत्र पाठच मागते. पण टेबल वेल्डिंगने जोडू नका, बोल्टवर बसवा. तुळई हाच या यंत्राचा पाठीचा कणा आहे. तिला उष्णता देऊन आपण हमीही घालवतो आणि कदाचित सरळपणाही. कुठे वेल्डिंग करावेच लागले तर तो भाग यंत्रापासून काढून करावे. अर्थिंगचा चिमटा दूर कुठेतरी लावला, तर प्रवाह सिलिंडरचा दांडा आणि पंपाच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांच्यावर खड्डे पाडू शकतो.

चौपाखी पाचरेबाबत मी थोडा निरुत्साही आहे. सरळ ॲशच्या दहा-बारा इंची ओंडक्यांवर ती सुरेख चालते आणि शेगडीच्या मापाचे चार तुकडे एका खेपेत पडतात. परंतु आडव्या पाखांनाही लाकूड कापावे लागते, त्यामुळे लागणारा जोर वाढतो, आणि एल्मसारख्या पीळदार लाकडात ती रुतून बसते; मग ओंडका पाचरेसकट परत येतो आणि आपण घण शोधत फिरतो. घ्यायचीच असेल तर काढता येणारी घ्यावी, आणि तिच्या आडव्या पाखा मुख्य धारेपेक्षा दोन-तीन इंच मागे आहेत ना ते पाहावे, म्हणजे आधी भेग पडते आणि मग पाखा पोहोचतात. दाबाचा प्रश्न सुटेपर्यंत मात्र तिचे नाव काढू नये.

तासांचे मीटर स्वस्त आणि उपयोगी आहे. त्याची वायर स्पार्क प्लगच्या जाड वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन बांधायची असते, काहीही कापावे लागत नाही.


बव्हेरियाकर (म्युनिकजवळ)

मी केवळ एका मुद्द्यासाठी लिहीत आहे, पण तो मुद्दा मला इतर सर्वांपेक्षा मोठा वाटतो. पुढच्या दिशेला खटका बसवू नका.

माझे घर गावात आहे आणि इथेही सरपण फोडणे हा शरद ऋतूचा नित्यक्रम असतो. युरोपात अशा यंत्रांना ईएन 609-1 हे मानक लागू आहे आणि त्यानुसार पाचर चालवण्यासाठी दोन्ही हातांनी दोन दांडे धरावे लागतात. एक हात जरी सुटला तरी पाचर थांबते. सुरुवातीला मलाही हा जाच वाटला होता. नंतर लक्षात आले की दोन्ही हात दांड्यांवर असले की ते पाचरेखाली असूच शकत नाहीत, आणि या कल्पनेचे सारे मर्म एवढेच आहे. आपल्याकडच्या यंत्राला एकच दांडा असतो, तरी पुढच्या दिशेला तो सोडताच मध्यावर येतो. ती आपल्याला उरलेली शेवटची सोय आहे. खटका लावला की ओंडका तिरका झाला म्हणून तो सरळ करायला हात पुढे जाणार, आणि पाचर थांबणार नाही. परतीच्या वेळी पाचर लाकडापासून दूर जाते, म्हणून तिथे खटका चालतो. दोन्ही दिशांना सारखा न्याय लावता येत नाही.

याच कारणाने एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, ही पद्धतही घरात पाडू नये. मुले मदतीला येतात तेव्हा ती हमखास सुरू होते. मदतनिसाने ओंडके आणून द्यावेत आणि सरपण रचावे; तुळईजवळ एकच माणूस असावा.

आणखी एक सूचना, कारण वर नळ्या आणि जोड तपासण्याचा विषय निघाला आहे. दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपून शोधू नये. सुईच्या छिद्रातून सुटणारी तेलाची धार कातडीत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आरंभी दुखतही नाही, पण आत तेल पसरत जाऊन बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठा पुढे धरून पाहावे. चुकून असे झालेच, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि तेल दाबाने आत गेले आहे असे स्पष्ट शब्दांत सांगावे.


शेकोटीकर (दक्षिण न्यू हॅम्पशर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मध्ये दोन आठवडे गेले, कारण गेज टपालाने यायचे होते आणि त्यात हिमवर्षाव झाला.

सर्वप्रथम माझी चूक कबूल करतो. टाकी पहिल्या दिवशी भरली ती भरली, नंतर पातळी मी पाहिलीच नव्हती. दट्ट्या पूर्ण मागे घेऊन दांडी बुडवली तर ती कोरडी निघाली; खालच्या खुणेपर्यंतही तेल नव्हते. एक गॅलनहून थोडे अधिक तेल मावले. कोल्हापूरकरांनी सात समुद्रांपलीकडून, तेही मी न लिहिलेल्या वाक्यावरून, माझी टाकी रिकामी आहे हे ओळखले, याचे घरी अजून कौतुक चालू आहे. शोषणाच्या नळीची एक पट्टीही अर्धा वेढा ढिली होती, ती आवळली. यंत्र दोन दिवस उभे ठेवल्यावर तेल पुन्हा स्वच्छ दिसू लागले, आणि त्यानंतर फेस आलेला नाही.

मग गेज बसवले. दट्ट्या शेवटाला टेकवून दांडा धरला तर काटा 1900 पीएसआयवर थांबला. म्हणजे जोर 12 टनांच्याही आतच होता, आणि सरळ ॲश त्याच्या निम्म्यातच फुटत असल्यामुळे मला इतके दिवस ते कळलेच नाही. व्हॉल्व्ह तापत होता आणि सिलिंडर थंड होता, तेव्हा संशय रिलीफवरच गेला. स्क्रूला हात लावण्यापूर्वी गेजचे छायाचित्र जोडून उत्पादकाला पत्र लिहिले. चार दिवसांनी त्यांच्या तंत्रज्ञाचा दूरध्वनी आला. त्याने 2750 पीएसआयच्या वर न जाण्याच्या अटीवर स्वतः जुळवणी करण्याची परवानगी दिली आणि माझ्या विनंतीवरून ती ईमेलने लेखीही कळवली. लॉकनट सैल करून प्रत्येक वेळी पाव वेढा, मग चाचणी, मग पुन्हा पाव वेढा, अशा रीतीने 2700 वर आणून ठेवले. हिशोबाने 17 टन होतात. ज्या बेचक्यांपुढे यंत्र अडत होते त्यांपैकी बहुतेक फुटली. आता गाठ लागली की इंजिन खोल आवाजात ओझे घेते आणि दट्ट्या हळू पण न थांबता जातो. हा आवाज मी यापूर्वी ऐकलाच नव्हता. एल्मचा एक ओंडका मात्र अजून अंगणात तसाच पडलेला आहे. तो फुटत नाही, नुसता दोऱ्यांसारखा ताणला जातो.

पुस्तिकेत 32 क्रमांकाच्या तेलाला परवानगी होती, म्हणून सगळे तेल बदलले. उणे 11 अंशांच्या सकाळी खटका एकदाच सुटला, तोही मी दहा मिनिटे थांबलो नव्हतो म्हणून. अर्ध्या चोकवर इंजिनाची धाप थांबत होती. दुकानदाराने कार्ब्युरेटर हमीखाली बदलून दिला.

टेबल बोल्टवर बसवले आहे. जुन्या लोखंडी पलंगाची जाळी आणि दोन अँगल वापरले, त्यामुळे ते देखणे नाही, पण जाळीतून ढलप्या आणि साल खाली गळून जातात, हा न ठरवता झालेला फायदा आहे. मीटरही लावले. पुढच्या खटक्याचा विचार सोडून दिला. खरे सांगायचे तर बव्हेरियाकरांचे उत्तर वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी माझा मुलगा ओंडका धरायला तुळईजवळ येऊन उभा राहिला, आणि मी इंजिनच बंद केले.

एक शंका उरली आहे. जुन्या 46 क्रमांकाच्या तेलापैकी काही सिलिंडरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहिलेच असणार. ते नव्या तेलात मिसळल्याने काही बिघडेल का?


तेलकट_हात (कोल्हापूर)

काही बिघडणार नाही. दोन्ही एकाच जातीची खनिज तेले आहेत, फक्त जाडी वेगळी आहे. मिश्रण दोहोंच्या मधल्या जाडीचे होईल, इतकेच. वेगळ्या जातीचे तेल घालायचे असते, तर सर्व नळ्या सोडून रिकाम्या कराव्या लागल्या असत्या.

गेज काढून ठेवू नका, यंत्रावरच राहू द्या. रोज ते फक्त एकदा वाचले तरी काटा खाली घसरू लागला की सील झिजते आहे हे महिनाभर आधी कळते. मीटर तुम्ही उशिरा लावले आहे, म्हणून त्यातल्या आकड्यात आधीचे तास मिळवून धरा, आणि एकूण 25 तास झाले की पहिला फिल्टर बदला. काढलेला फिल्टर फेकून न देता त्याचा डबा कापून आतला कागद उन्हात धरून पाहा. नव्या पंपातली थोडी करडी भुकटी निघाली तर ठीक आहे. नखाला लागण्याइतका चकचकीत कण दिसला, तर पंप हमीत असतानाच दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवा. त्याच दिवशी कपलिंगचे दोन्ही स्क्रू किल्लीने तपासा. नव्या यंत्रात ते ढिले होतातच, आणि आपल्या यंत्रात अजून तेवढे व्हायचे राहिले आहे.